रेंज आहे, नेट नाही: उपग्रहावरच्या साइटवर सेशन का मरतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ईशान्येतल्या डोंगरात तुमची एक फोर-जी साइट आहे. बॅकहॉल, म्हणजे साइटला मुख्य नेटवर्कशी जोडणारा दुवा, भूस्थिर उपग्रहावरून; केयू बँडचं (या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातलं) व्हीसॅट, म्हणजे छोट्या डिशचं उपग्रह स्टेशन. जोराचा पाऊस आला की लिंक अर्धा मिनिट ते दोन मिनिटं जाते आणि परत येते. परत आल्यावर मोडेमचे दिवे हिरवे, पिंग व्यवस्थित, साइटवर एकही अलार्म नाही. तरीही गावातल्या फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या दिसत असताना पुढची दहा-पंधरा मिनिटं नेट चालत नाही. सॅटेलाइटचा डिले जास्त म्हणून टायमर वाढवा, असं तुम्हाला सांगण्यात आलं. तुम्ही जमतील तेवढे वाढवले आणि त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आता आणखी किती वाढवायचे, असं तुम्ही विचारताय. शेवटी, फोनमधला टी३४०२ हा टायमर (तो काय ते पुढे येईल) कमी करता येतो का, असंही विचारलंय.

आणखी वाढवू नका. उलट एक-दोन टायमर चांगलेच खाली आणायचे आहेत. अशा साइट मी कोअर नेटवर्कच्या, म्हणजे ऑपरेटरच्या मध्यवर्ती यंत्रणेच्या, बाजूने बरीच वर्षं सांभाळतोय, आणि सगळं खापर डिलेवर फोडलं की मूळ दुखणं तसंच राहतं, हे पुन्हा पुन्हा पाहिलंय.

डिलेचा हिशेब एकदा करूनच टाकू. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. पॅकेट वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी तेवढाच. त्यात मोडेमची फ्रेम, हबकडून (उपग्रहाच्या जमिनीवरच्या मुख्य स्टेशनकडून) स्लॉट, म्हणजे पाठवायची पाळी, मिळण्याची वाट वगैरे धरलं की एका फेरीला ६०० ते ७०० मिलीसेकंद लागतात. फोन नेटवर्कला जोडला जाताना, म्हणजे अटॅच होताना, एमएमईबरोबर (कोअरमधला फोनची नोंद ठेवणारा घटक) ऑथेंटिकेशन, सिक्युरिटी मोड, मग कॉन्टेक्स्ट सेटअप अशा तीन-चार फेऱ्या होतात. सगळं मिळून अडीच-तीन सेकंद. फोनमधला टी३४१० हा टायमर अटॅचसाठी १५ सेकंद थांबतो. झोपलेला फोन जागा होऊन सर्व्हिस रिक्वेस्ट पाठवतो तेव्हा एस१ वर, म्हणजे साइट आणि कोअर यांच्यातल्या जोडणीवर, एकच फेरी पुरते आणि त्याचा टी३४१७ असतो ५ सेकंदांचा. म्हणजे मानकातल्या मूळ किमतींमध्येच भूस्थिर उपग्रह आरामात बसतो. लिंक चालू असताना तुमच्याकडे सगळं सुरळीत चालतं, हाच त्याचा पुरावा.

खरा घोटाळा लिंक गेल्यावर होतो. फोन, ईनोडबी (साइटवरचं फोर-जी बेस स्टेशन), एससीटीपी (सिग्नलिंग वाहणारा प्रोटोकॉल), आयपीसेक (एन्क्रिप्शनचा बोगदा), जीटीपी (फोनच्या डेटाचा बोगदा), एमएमई यांतला प्रत्येक जण आपापल्या घड्याळाप्रमाणे ठरवतो की समोरचा मेला. कुणी १५ सेकंदांत ठरवतो, कुणी सहा मिनिटांत. लिंक परत येते तेव्हा निम्म्यांच्या लेखी सेशन जिवंत असतं, निम्म्यांनी ते पुसून टाकलेलं असतं, आणि फोन बिचारा कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसतो. तेव्हा आपलं काम एवढंच: हे निर्णय कोणत्या क्रमाने व्हावेत ते आपण ठरवायचं.

तुमची दहा-पंधरा मिनिटं कुठून येतात ते आता बघू. फोनने अटॅच पाठवलं आणि १५ सेकंदांत उत्तर आलं नाही, तर तो १० सेकंद थांबतो (हा टी३४११) आणि पुन्हा पाठवतो. असे पाच प्रयत्न. पाच वेळा १५ आणि मधले चार वेळा १०, एकूण ११५ सेकंद. पाचवा प्रयत्नही फसला की फोन टी३४०२ सुरू करतो, आणि त्याची मूळ किंमत आहे १२ मिनिटं. त्या १२ मिनिटांत फोन त्या सेलवर बसलेला असतो, रेंज दाखवतो, पण आपणहून नोंदणीचा प्रयत्न करत नाही. टू-जी सापडलं तर तिकडे जातो, पण तुमच्या गावात तेही त्याच व्हीसॅटवर असेल किंवा नसेलच. ट्रॅकिंग एरिया अपडेट (आपण कोणत्या भागात आहोत हे फोनने नेटवर्कला कळवणं) पाच वेळा फसलं तरी हेच होतं. थोडक्यात, लिंक जवळपास दोन मिनिटं गेली आणि त्या काळात सेल हवेत चालू राहिला, की ज्या फोननी धडपड केली ते सगळे १२ मिनिटांसाठी गप्प बसतात.

याची खात्री गावातच करता येते. नेट बंद असलेला एक फोन बंद करून चालू करा. लगेच नेट आलं तर लिंक आणि कोअर दोन्ही धडधाकट आहेत आणि फोन स्वतःच थांबलेला होता, कारण फोन चालू झाल्यावर प्रयत्नांची मोजणी शून्यापासून सुरू होते. माणसांना ही युक्ती माहीत असते, फ्लाइट मोड लावून काढतात. पण रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनमधलं सिम ते करत नाही. मशीन १२ मिनिटं थांबतं आणि पावसात भिजून आलेली माणसं अंगठा लावायला रांगेत उभी राहतात. शहरात एक सेल गेला तर फोन शेजारच्या सेलवर जातो, कुणाला कळतही नाही. लडाखच्या एखाद्या खोऱ्यात किंवा गडचिरोलीत भामरागडच्या आतल्या गावात शेजारचा सेल नसतोच. म्हणून या टायमरांकडे मी इतकं लक्ष देतो.

आता टायमर वाढवून त्रास का वाढला ते बघा. ईनोडबी आणि एमएमई यांच्यातलं सिग्नलिंग एससीटीपीवर चालतं. उत्तर आलं नाही की एससीटीपी पॅकेट पुन्हा पाठवतो आणि दर वेळी थांबण्याची वेळ, म्हणजे आरटीओ, दुप्पट करतो: १, २, ४, ८, १६, ३२ सेकंद, पुढे ६० वर अडकतो, कारण मानकातली कमाल मर्यादा ६० आहे. असोसिएशन (दोघांमधली एससीटीपी जोडणी) मेलं असं जाहीर करायला १० पुनर्प्रयत्नांची मर्यादा ओलांडावी लागते. बेरीज करा, ३६३ सेकंद होतात. या सहा मिनिटांत ईनोडबीला वाटतं एस१ ठीक आहे. तो सेल हवेत ठेवतो, फोनना आत घेतो, त्यांचे मेसेज पुढे ढकलतो आणि ते वाटेतच मरतात. फोनचे पाच प्रयत्न ११५ सेकंदांत संपतात. तुम्ही पुनर्प्रयत्न वाढवून हा खड्डा आणखी लांब केलात.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. समजा दोन मिनिटांनी लिंक आली. पण एससीटीपी त्या क्षणी ६० सेकंदांच्या थांब्यात असेल, तर तो संपेपर्यंत तो काही पाठवणार नाही. मोडेम हिरवा, पिंग सुरू, आणि एस१ वर मात्र शांतता. मोडेमवाले म्हणतात आमची लिंक ठीक, कोअरवाले म्हणतात आमच्याकडे काही येत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून भूस्थिर उपग्रहावर मी आरटीओची किमान किंमत दीड सेकंद ठेवतो, कारण पावसात स्लॉट मिळायला उशीर होतो आणि एक सेकंदावर विनाकारण दुबार पॅकेट जायला लागतात. कमाल ५ सेकंद, आणि पुनर्प्रयत्न ८. मग थांबे होतात दीड, तीन आणि पुढे सात वेळा पाच, एकूण साडेएकोणचाळीस सेकंद. म्हणजे पावसाची अर्ध्या मिनिटाची झड आली तर असोसिएशन टिकतं, आणि लिंक आल्यावर जास्तीत जास्त पाच सेकंदांत बोलणं सुरू होतं. ४० सेकंदांच्या वर गेलं तर ईनोडबी एस१ गेल्याचं मान्य करतो. तोवर फोनचे दोनच प्रयत्न वाया गेलेले असतात, पाच नव्हे. आरटीओची किंमत दोन्ही टोकांना बदलायची असते. फक्त ईनोडबीवर बदलली तर एमएमईकडून येणारे मेसेज जुन्याच चालीने चालतात.

इथून पुढे बरंच तुमच्या उपकरणावर अवलंबून आहे. एस१ गेल्यावर ईनोडबी सेल हवेतून काढतो का? काही उपकरणांत हे आपोआप होतं, काहींत ती सेटिंग वेगळी चालू करावी लागते, काहींत सेल बार करण्याचा, म्हणजे फोनना त्यावर यायला मनाई करण्याचा, पर्याय असतो. ती आधी शोधा, कारण वरच्या ४० सेकंदांना तिच्याशिवाय अर्थ नाही. सेल हवेतून गेला की फोन "नो सर्व्हिस" दाखवतो. ते गावकऱ्यांना आवडत नाही आणि काही व्यवस्थापकांनाही आवडत नाही, पण माझं मत ठाम आहे: खोटी रेंज दाखवण्यापेक्षा सेल बंद असलेला बरा. सेल परत आला की फोन लगेच प्रयत्न करतो. एससीटीपी तुटल्यानंतर ईनोडबी नव्याने एस१ जोडायचा प्रयत्न किती वेळाने करतो, तेही तपासा. दर १०-१५ सेकंदांनी करायला हवा.

आता जीटीपी. फोनचा डेटा ज्या बोगद्यातून जातो तो जिवंत आहे का हे पाहायला सर्व्हिंग गेटवे (कोअरमधला डेटा पुढे नेणारा घटक) ईनोडबीला मधूनमधून एको, म्हणजे "आहेस का" असा मेसेज, पाठवतो. मानकानुसार ६० सेकंदांपेक्षा लवकर पाठवायचा नसतो. उत्तर नाही आलं तर, उदाहरणार्थ, तीन-तीन सेकंदांनी पाच वेळा, आणि मग पाथ फेल. म्हणजे पंधरा सेकंदांची झड नेमकी एकोच्या वेळी आली की पाथ गेल्याचा निर्णय. कित्येक कोअरमध्ये या निर्णयाला जोडून त्या ईनोडबीवरची सगळी सेशन पुसण्याची क्रिया लावलेली असते. फायबरवर ते योग्यच आहे, तिथे पाथ गेला म्हणजे काहीतरी खरंच मोडलेलं असतं. उपग्रहावर ते घातक. लिंक वीस सेकंदांनी परत येते, फोन आपल्या जुन्या ओळखीने सर्व्हिस रिक्वेस्ट पाठवतो, एमएमई सांगतो तुझी नोंदच नाही, फोन नव्याने अटॅच करायला जातो, आणि हे गावातल्या सगळ्या फोनचं एकाच वेळी. उपग्रहावरच्या साइटसाठी पाथ फेलची क्रिया फक्त अलार्मपुरती ठेवा, सेशन पुसायला लावू नका. कोअर तुमच्या हातात नसेल तर ऑपरेटरच्या टीमकडे नेमकी हीच मागणी करा. "सेशन ड्रॉप होतात" एवढं सांगितलं तर ते रेडिओचे आकडे बघत बसतील.

साइटवर आयपीसेक असेल तर त्याचं डेड पीअर डिटेक्शन (समोरचा मेला का हे तपासणारी सोय) एससीटीपीच्या आधी बोलता कामा नये. एससीटीपी ४० सेकंद असेल तर हे ६० ते ९० ठेवा. बोगदा मोडला तर तो परत उभा राहायला किमान दोन फेऱ्या लागतात, सर्टिफिकेट मोठं असेल तर पॅकेटचे तुकडे पडतात आणि पावसात त्यातला एखादा हरवला की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ईनोडबीला आतला आयपी पत्ता बोगद्यासोबत नव्याने मिळत असेल आणि तो बदलला, तर वरचं एससीटीपी असोसिएशन मेलंच म्हणायचं. तो पत्ता कायमचा नेमून घ्या.

टी३४०२ कमी करता येतो का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. येतो. ही किंमत एमएमई अटॅच किंवा अपडेट स्वीकारताना फोनला देऊ शकतो. उपग्रहावरच्या साइटना वेगळा ट्रॅकिंग एरिया कोड देऊन तेवढ्यापुरती ती दोन-तीन मिनिटं करावी. हे मात्र शेवटी करा. आधी एससीटीपी आणि सेल बंद होण्याची साखळी नीट बसवा, नाहीतर बंद लिंकवर फोन पुन्हा पुन्हा धडका देत राहतील आणि बॅटरी तेवढी उतरेल. सगळ्या नेटवर्कला ती लावायची मागणी तर अजिबात करू नका, कुठलाही शहाणा कोअर इंजिनिअर ती मान्य करणार नाही.

आतापर्यंत आपण लिंक पूर्ण जाते असं धरलं. पावसात त्याहून जास्त वेळा काय होतं, तर लिंक जात नाही, बारीक होते. तुमचं मोडेम डीव्हीबी-एस२ किंवा त्यासारख्या पद्धतीने चालत असेल तर पाऊस आला की ते स्वतःहून खालच्या मॉड्युलेशनवर उतरतं, म्हणजे लिंक टिकते पण वेग घटतो. ईनोडबीला हे कळत नाही, तो पूर्वीच्याच वेगाने ओतत राहतो. मोडेमच्या रांगेत एक मेगाबाइट साठलं आणि अपलिंक ५१२ केबीपीएसवर आली, तर ती रांग रिकामी व्हायला १६ सेकंद लागतात. फोनचा टी३४१० आहे १५. लिंक एक क्षणही गेलेली नाही, एक पॅकेटही हरवलेलं नाही, आणि तरी अटॅच फसतं, कारण त्याचा मेसेज कुणाच्या तरी व्हिडिओ अपलोडच्या मागे उभा होता. पिंग बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, कारण तो लिंक मोकळी झाल्यावर पिंग करतो.

यावर उपाय रांगेचा आहे. एस१ चं सिग्नलिंग, सिंक (घड्याळ जुळवणी) आणि व्होल्टीचं (फोर-जीवरच्या कॉलचं) सिग्नलिंग यांना वेगळी, सगळ्यात वरची रांग द्या आणि तिच्यासाठी हबवर थोडा वेग राखून ठेवा. एका साइटला मी ६४ ते १२८ केबीपीएस मागून घेतो. साध्या डेटाची रांग मुद्दाम छोटी ठेवा, ती भरली तर पॅकेट गळू देत. टीसीपी ते सांभाळून घेतो. आयपीसेक असेल तर आतल्या पॅकेटची डीएससीपी खूण (पॅकेटचा अग्रक्रम सांगणारी) बाहेरच्या हेडरवर उतरवली जातेय ना, हे पॅकेट पकडून डोळ्यांनी बघा. ती उतरली नाही तर मोडेमच्या लेखी सगळी पॅकेट सारखीच, आणि वरची सगळी मेहनत पाण्यात. लिंक आल्यावर सगळे फोन एकदम जोडायला धावतात, तेव्हाही हीच रांग तारते.

व्हॉइसचा हिशेबही घटलेल्या वेगावर करा. १२.६५ केबीपीएसच्या एएमआर वाइडबँड कोडेकचं २० मिलीसेकंदांचं एक पॅकेट म्हणजे जेमतेम ३३ बाइट आवाज. त्यावर आरटीपी, यूडीपी, आयपी यांचे हेडर मिळून ४० बाइट, आणि जीटीपीच्या बोगद्याचे आणखी ३६. एकूण १०९ बाइट, सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे एका बाजूला जवळपास ४४ केबीपीएस, तेही आयपीसेक न धरता. रेडिओवर हेडर दाबले जातात, एस१ वर नाही. किती कॉल घ्यायचे ही मर्यादा ईनोडबी रेडिओची जागा बघून ठरवत असेल तर पावसात तो लिंकला न पेलणारे कॉल आत घेतो आणि सगळ्यांचेच तुटतात. हेडर कॉम्प्रेशन मोडेममध्ये असेल तर ते चालू करून घ्या.

वेगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगून ठेवतो. ६०० मिलीसेकंदांच्या फेरीवर ६४ केबीची टीसीपी विंडो (पोच न येता एका वेळी पाठवता येणारा डेटा) ८७० केबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही. ते सुधारायला मोडेममध्ये टीसीपी ॲक्सिलरेशन असतं, पण फोनचा टीसीपी जीटीपीच्या आत असतो, त्यामुळे मोडेमला जीटीपी उघडता येत असेल तरच त्याचा उपयोग. त्यावर आयपीसेक चढलं की तेही बंद. आणि क्विक (टीसीपीऐवजी वापरला जाणारा नवा प्रोटोकॉल) वापरणाऱ्या ॲपना यातलं काहीच लागू होत नाही, त्याचं एन्क्रिप्शन मध्ये कुणाला हात घालू देत नाही.

लो-अर्थ ऑर्बिटवर, म्हणजे खालच्या कक्षेतल्या उपग्रहांवर, यातले आकडे बदलतात. स्टारलिंकचे उपग्रह काहीशे किलोमीटरवरच आहेत, फेरी साधारणपणे शंभर मिलीसेकंदांच्या बरीच आत, आरटीओचा किमान आकडा खूप खाली आणता येतो. निर्णयांचा क्रम लावायचं काम मात्र तिथेही करावंच लागतं. फाइव्ह-जीमध्ये तर रिलीज १७ पासून कोअरला सेशन उभं करतानाच कळवता येतं की बॅकहॉल उपग्रहाचा आहे आणि तो भूस्थिर आहे की खालच्या कक्षेतला. तुमच्या फोर-जीला ती सोय नाही, म्हणून ट्रॅकिंग एरियाचा कोड वेगळा काढण्याची खटपट.

हे सगळं एकदम बदलू नका. आधी एससीटीपी आणि सेल बंद होण्याची सेटिंग, मग जीटीपीची क्रिया, मग रांगा. प्रत्येक बदलानंतर साइटवर आणि हबच्या पलीकडे, दोन्हीकडे एकाच वेळी ट्रेस (पॅकेटची नोंद) घ्या आणि दोन्ही यंत्रांची घड्याळं जीपीएसवर जुळवलेली असू देत.

चाचणीसाठी पावसाची वाट बघू नका. भारतातून भूस्थिर उपग्रह बघताना फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य या दिवसांत सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि लिंक रोज काही मिनिटं जाते. डिश जितकी लहान तितका हा काळ लांब. वेळ आधी मिनिटापर्यंत काढता येते, हबवाल्यांकडे त्याचा तक्ता तयार असतो. साइटची वेळ आणि हबची वेळ वेगळी असते, दोन्ही मागून घ्या. आकाश निरभ्र, वेळ ठरलेली, लिंक हळूहळू बारीक होऊन जाणार आणि तशीच परत येणार. त्या वेळी साइटखाली चार फोन घेऊन उभे राहा: एकावर व्हिडिओ चालू, एक खिशात झोपलेला, एक व्होल्टी कॉलवर, आणि एक लिंक गेल्यावर तीस सेकंदांनी चालू केलेला. लिंक आल्यापासून चौघांना नेट मिळायला किती सेकंद लागले ते लिहून काढा आणि ट्रेससकट इथे टाका. चौथ्या फोनला एक मिनिटापेक्षा जास्त लागलं तर आधी बघा की सेल खरंच हवेतून गेला होता का.